हादऱ्यांची वही

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

व्हॉल्कॅनो गाव, हवाई
रविवार, १७ जून २०१८

आज हिलोच्या बाजारातून आलं ते:
तांदूळ, वीस पौंडांची पिशवी, १७ डॉलर. दूध एक गॅलन, ८ डॉलर. (फ्रीमाँटला, मुलाकडे, साडेतीन. पावती दोनदा वाचली, आठच आहेत.) मेणबत्त्या आणि बॅटरीचे सेल, १४. राखेसाठी तोंडाला लावायचे मास्क, वीस नग, २२. माझ्यासाठी रबरी बूट, १९. नको म्हणत होते.

आणखी एक नग आला तो मी. माझं तिकीट मोठ्या मुलाने, राजीवने काढलं, किंमत सांगितली नाही. विमानतळावर म्हणाला, "आई, तिला घेऊनच ये. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल." परतीची दोन तिकिटं आहेत, १८ ऑगस्टची. दुसऱ्यावर राधिकाचं नाव आहे. कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलाय. तिला अजून दाखवला नाही.

राधिका माझी धाकटी, तेहतीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी परीक्षितशी लग्न मोडलं, कंपनीतली चांगली नोकरी सोडली आणि या बेटावर आली. ज्वालामुखीच्या आसपास भूकंप मोजायची यंत्रं पुरलेली असतात. त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, तुटलेल्या तारा जोडायच्या, हे तिचं काम. राजीव म्हणतो, इंजिनीअर होऊन वायरमन झाली.

मे महिन्यात खाली, इथून पंचवीस मैलांवर, घरांच्या मधोमध जमीन फाटून लाव्हा वर आला. तो अजून वाहतो आहे. इथे वर, ज्वालामुखीच्या मुख्य कुंडाचा तळ खचतो आहे, आणि तो खचला की सगळं गाव हलतं. कुंड इथून अडीच मैल. अशा जागी मुलगी एकटी आहे म्हटल्यावर कुठली आई गप्प बसेल?

हवाई म्हणजे उकाडा असेल समजून सुती साड्या आणल्या. इथे स्वेटर लागतो. दिवसभर पत्र्यावर पाऊस. घराभोवती दाट जंगल. नेचे आहेत ते आपल्या कुंडीतले नव्हेत, माणसाच्या दीडपट उंच, खोड असलेले.

सोमवार, १८ जून

सकाळी देवांना आंघोळ घालत होते तेव्हा हादरा आला. आधी बारीक बारीक थरथर चालू होती, मग कुणी खालून खांदा मारावा तसा एकदम. समई आडवी झाली. बाळकृष्ण ताम्हनातून बाहेर. मी दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले. कधी गेले ते कळलं नाही, पाय आपोआप गेले.

राधिका कॉफी पीत होती. म्हणाली, "झाला. आता काही तास शांत असेल. आई, तू थरथरतेयस."

"थंडी आहे," म्हटलं.

मी सात वर्षांची होते. अण्णा कोयनेच्या धरणावर स्टोअरकीपर, आम्ही कॉलनीत राहायचो. पहाट होती. आईने मला आणि धाकट्याला उचलून अंगणात ठेवलं आणि ती परत आत गेली, देव आणायला. भिंत पडली तेव्हा ती दारात पोचली होती, म्हणून वाचली. पुढे पाच महिने आम्ही पालात होतो. आई माझ्या पाठीशी झोपायची, हात माझ्या पोटावर. त्याआधी आणि त्यानंतर ती कधी माझ्याजवळ झोपल्याचं आठवत नाही. घरात अकरा माणसं होती, तिची पाळी कुठून येणार.

हे मी मुलांना कधी सांगितलेलं नाही. आजही सांगितलं नाही.

शुक्रवार, २२ जून

देवांची सोय केली. परातीत चार बोटं तांदूळ पसरले आणि त्यात एकेक देव कमरेपर्यंत रोवून बसवला. आईने पालात असंच केलं होतं. आज मोठा हादरा आला, कपाटातली दोन पातेली खाली, पण देव जागचे हलले नाहीत.

हिशेबाच्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यांवर हादरे लिहायला घेतले आहेत. वेळ, किती जोराचा, काय काय पडलं, पाऊस होता का. नुसतं घाबरून बसण्यापेक्षा बरं.

रविवार, १ जुलै

संकष्टी. आता हादऱ्यांची रीत कळली. बारीक हादरे वाढत वाढत जातात, मग मोठा येतो, मग सगळं गप्प. मोठा होऊन गेला की मी दूध तापवते, कुकर लावते, डोक्यावरून आंघोळ उरकते. राधिका हसून म्हणाली, "आई, सायंटिस्ट लोक ग्राफ बघतात आणि तू कुकर."

देवाला फुलांची अडचण नाही. पायरीशेजारी ओहियाचं मोठं झाड आहे, त्याला तांबडीभडक फुलं येतात, शिरीषासारखी केसरांची. लेहुआ म्हणतात. रोज दोन-तीन आणते. गणपतीला तांबडं फूल मिळावं, तेही फुकट, आणखी काय हवं? राधिका सहालाच बाहेर पडते, ती यायच्या आत पूजा आवरलेली असते.

घरमालकीण शेजारीच राहते. केहाउ नाव, वय बहात्तर, इथलीच. माझं नाव तिला जमत नाही, 'सुसी' म्हणते. या वयात सुसी. आज अळूची पानं घेऊन आली. इथे अळू घरोघर! मी लगेच चिंच भिजवली. तिला वड्या दिल्या तर उभ्याउभ्या सहा खाल्ल्या आणि म्हणाली, "आयुष्यभर हे पान उकडत बसले, मला कुणी सांगितलं का नाही?"

शुक्रवार, ६ जुलै

राजीवचा फोन. "काय म्हणते? येते का?"

म्हटलं, अजून विषय काढला नाही.

"आई, तीन आठवडे झाले! आसावरीची आई ऑगस्टच्या शेवटी नागपूरला परत जाणार. मग अनयाचं काय? डे-केअरवाले महिन्याला दोन हजार मागतात."

सूनबाईच्या आईचा आणि राधिकाचा काय संबंध, ते मला कळलं नाही. पण बिचारा काळजीत असतो. नातीची काळजी मलाही आहे.

शनिवार, १४ जुलै

राधिकाला सुट्टी. मी पाणी आणायला तिच्याबरोबर गेले. छपराचं पाणी टाकीत साठतं, ते धुण्याभांड्याला. पिण्याचं पाणी गावाबाहेरच्या सरकारी नळावरून कॅन भरून आणायचं. तिथे रांग. सगळे एकमेकांना विचारत होते, कालचा कसा वाटला तुमच्याकडे? आपल्याकडे पावसाची चौकशी करतात तशी. मला बोलायची फार इच्छा झाली. "फोर प्लेट्स, वन कप," म्हटलं. एक दाढीवाला म्हणाला, "आमच्याकडे टीव्ही गेला, मावशी." मावशी म्हणजे 'आंटी' म्हणाला, पण अगदी मावशीसारखं.

घरी आल्यावर राधिकाच्या हाती वही लागली. दुधाचा हिशेब बघायला उघडली आणि मागची पानं बघत बसली.

"आई, हे सगळं तू लिहिलंस? तेवीस दिवस?"

"वीस. तीन दिवस तू घरी होतीस, तुझ्याशी बोलण्यात राहिलं."

"तांदळाचाही कॉलम आहे?"

"देव किती तिरपे झाले त्यावरून जोर कळतो."

ती तांदळाच्या परातीपुढे मांडी घालून बसली आणि देव बघत राहिली. मग फोटो काढला, ऑफिसात दाखवते म्हणाली. तिच्या लहानपणी तिचं शाळेचं प्रगतिपुस्तक मी तिच्यासमोर असं उघडायची. आज उलटं झालं. सांगायला हरकत नाही, मला फार बरं वाटलं. चहात वेलदोडा घातला.

मंगळवार, २४ जुलै

राधिका सोफ्यावर दुपारी झोपली होती. सकाळी कुंडाच्या काठावर काम होतं, चेहरा राखेने करडा. मी शेजारी खुर्ची ओढून वाती करत बसले. हात तिच्या पोटावर ठेवावासा वाटला. ठेवला नाही. उगाच जागी झाली असती.

तिकिटाचा विषय आजही निघाला नाही.

मंगळवार, ३१ जुलै

आज अंगारकी. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

एकवीस तांबडी फुलं वाहायची मनात होती. खालची नऊ हाताला आली, बाकीची उंच. मी स्वयंपाकघरातली मोठी कात्री घेतली आणि एक फांदीच कापली. पूजा सुरेख झाली. मन प्रसन्न.

पाचला राधिका आली. दारातूनच ओरडली, "आई! हे कुणी कापलं?"

"मी. अंगारकी आहे."

"रोजची फुलं कुठली होती?"

"याच झाडाची. दुसऱ्यांच्या झाडाला मी हात लावलेला नाही."

ती पायरीवर बसली. मग सांगितलं. या बेटावर ओहियाला एक रोग आला आहे, बुरशीचा. लाखो झाडं गेली. साल दुखावली की तिथून शिरतो. वर्षभर पत्ता लागत नाही, आणि मग उभं झाड काही दिवसांत तपकिरी होतं. हे झाड केहाउच्या आजोबांच्या वेळचं आहे.

मी म्हटलं, "मला कसं माहीत असणार? तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस? आई, तू कधी काही विचारतेस?"

हे झाडाबद्दल नव्हतं, ते मला लगेच कळलं.

म्हणाली, "तू मला न्यायला आली आहेस. राजीवने मलाही फोन केला होता, तिकीट काढल्याचं सांगायला. दीड महिना मी वाट बघतेय तू कधी सांगतेस, आणि तू वाट बघतेयस मी कधी घाबरते. मी घाबरत नाही गं इथे! तिथे घाबरायची. परीक्षितची गाडी गॅरेजमध्ये शिरल्याचा आवाज आला की माझे हात गार पडायचे. तू दहा मिनिटांवर राहत होतीस, आई. दहा मिनिटं. मी बॅग घेऊन आले होते. आठवतं?"

आठवतं. गुरुवार होता. मी तिला चहा दिला. काय झालं असं विचारलं नाही. नवराबायकोत होतं असं कधीतरी, म्हटलं. बेसनाच्या लाडवांचा डबा भरून दिला आणि राजीव तिला परत सोडून आला. फोनवर रोज विचारायची, जेवलीस का. ती हो म्हणायची. मी फोन ठेवायची.

इथे खोटं लिहायचं नाही. मला माहीत नव्हतं असं नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

ती आत निघून गेली. चंद्रोदय ढगातच झाला. वेळ पाहून नैवेद्य दाखवला.

बुधवार, १ ऑगस्ट

केहाउकडे गेले. इंग्रजी वाक्यं आधी कागदावर लिहून नेली होती. तिने वाचू दिली नाहीत. आली, फांदी कापलेली जागा बघितली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मला वाटलं होतं, समजुतीने हसून सोडून देईल. नाही हसली. "सुसी, धिस इज नॉट युवर ट्री," एवढंच म्हणाली. मग घरातून डांबरासारखं काहीतरी असलेला डबा आणि ब्रश आणून माझ्या हातात दिला.

मी स्टुलावर चढून एकेक जखम शोधली. रोज खुडलेल्या फुलांच्या देठापाशी प्रत्येक ठिकाणी. ब्रशाने बुजवल्या. एकूण एकशे सोळा. राधिका कामावरून आली तेव्हा शेवटच्या दहा-बारा उरल्या होत्या. तिने स्टूल धरलं.

"डावीकडे एक राहिली," म्हणाली. दिवसभरात तेवढंच बोलली.

गुरुवार, २ ऑगस्ट

दुपारी बाराच्या सुमारास मोठा. कप एक. देव सरळ. पाऊस नाही.

रविवार, ५ ऑगस्ट

तीन दिवस झाले, काही नाही. बारीक थरथरसुद्धा नाही. राधिका म्हणते, यंत्रांच्या रेघा सरळ आल्या आहेत आणि खाली लाव्हाही ओसरला आहे. ऑफिसात कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांना वाटतं की संपलं.

खरं तर मी आनंदाने साखर वाटायला हवी. पण कुकर लावायची वेळच कळेना. सारखी थांबून कानोसा घेते. वहीत काय लिहायचं? 'आज नाही' असं लिहिलं.

बुधवार, ८ ऑगस्ट

संध्याकाळी राधिका दोन्ही हातांत मावेना एवढा सोनटक्का घेऊन आली. घरभर वास. इथे तो तण म्हणून उपटतात, रानात माजलाय म्हणे. त्या उपटणाऱ्यांकडून घेऊन आली.

"हा घे. हा कितीही तोड, सगळे थँक्यू म्हणतील."

देवाला वाहिला. उरलेल्यातली दोन फुलं तिच्या केसांत खोचली. तिने खोचू दिली. केस आखूड आहेत, राहिनात. तिने हाताने धरून ठेवली आणि तशीच भात जेवली, एका हाताने.

मग मी तिला कोयनेचं सांगितलं. पालातलं सगळं. आई परत आत गेली ते. तिने एकही प्रश्न मध्ये टाकला नाही. शेवटी म्हणाली, "आजी देव घेऊन बाहेर आली, तेव्हा तू तिला काय म्हणालीस?"

काही म्हणाले नाही. मी तिचा पदर धरला होता, एवढं आठवतं.

रविवार, १२ ऑगस्ट

तिकीट दाखवलं. तिने दोन्ही बाजूंनी बघितलं, घडी केली आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"नाही आई."

"बरं," म्हटलं.

तिला बहुधा पुढे बरंच बोलायचं होतं, तयारी केलेली दिसली. दोघी भेंडी चिरत बसलो.

राजीवला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे सगळं फुकट गेलं!" मी म्हटलं, तिकिटाचे पैसे परत मिळतात का बघ. तो म्हणाला, तसं नाही गं. मग कसं, ते त्याने सांगितलं नाही.

फ्रीमाँट
शनिवार, २५ ऑगस्ट

आठवडा झाला येऊन. अनया गळ्यात पडली, "आजी, डोन्ट गो अगेन." गुणी लेकरू. सकाळी सातला राजीव, साडेसातला आसावरी, दोघांच्या गाड्या फ्रीवेकडे. आसावरीची आई परवा नागपूरला गेली, त्यामुळे मग मी आणि अनया. भिंती एकदम सरळ. काही हलत नाही. दूध साडेतीन डॉलरलाच येतं. मी भाजी फोडणीला टाकून उभी राहते आणि कशाची तरी वाट बघते.

राधिकाचा फोन येतो. मी विचारते, जेवलीस का. ती म्हणते, हो. मग दोघी हसतो. मग मी फोन अनयाकडे देते.

रविवार, २ सप्टेंबर

आज राजीवला सांगितलं. दिवाळी इथे करीन. जानेवारीपासून मला वर्षातले सहा महिने राधिकाकडे राहायचं आहे, ती ठेवून घेणार असेल तर. अनयासाठी जानेवारीची शाळा शोध, दोन हजारांत माझी विधवा पेन्शन घाल, नाही पुरली तर बांगड्या आहेत.

तो चिडला नाही. खुर्चीत बसून राहिला. "आई, तिथे आहे काय? पाऊस, राख, आणि तिला स्वतःला दिवसभर घरी राहता येत नाही."

आसावरी म्हणाली, "जाऊ दे ना राजीव, त्यांना." मी या मुलीला सहा वर्षांत नीट बघितलंच नव्हतं.

रविवार, ९ सप्टेंबर

सकाळी पत्र लिहिलं. उद्या टपालात टाकायचं. नक्कल इथे ठेवते.

'चि. राधिका हिस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी गणपती बसतील. अनया आरती म्हणायला शिकली आहे, टाळ्या मात्र उलट्या वाजवते. राजीव, आसावरी ठीक. माझी तब्येत ठीक.

हे फोनवर बोलता आलं नसतं म्हणून पत्र लिहिते आहे. त्या गुरुवारी तू बॅग घेऊन आलीस तेव्हा मी तुला ठेवून घ्यायला हवं होतं. लोक काय म्हणतील, राजीवला काय वाटेल, जावयाला राग येईल, एवढं सगळं मी पाच मिनिटांत मनात आणलं. तू कशी दिसत होतीस ते नाही आणलं. तू निळा कुडता घातला होतास आणि बाही मनगटापर्यंत ओढून धरली होतीस. जूनमध्ये. मला दिसलं होतं. मी डबा भरत राहिले. याची माफी मागायला आईला कोणते शब्द असतात ते मला माहीत नाहीत, असले तर ते सगळे यात आहेत असं समज.

आता दुसरं. मला जानेवारीपासून तुझ्याकडे राहायचं आहे. तुला न्यायला नाही, सांभाळायला नाही, स्वयंपाक करायलाही नाही. तो मी करीनच, पण त्यासाठी नाही. तुझ्याजवळ राहायचं आहे, म्हणून. राजीवला मी सांगितलं आहे. तुला विचारायचं राहिलं होतं, ते आज विचारते.

तुझं तिथलं आयुष्य तू एकटीने उभं केलंस. त्यात माझी अडचण होणार असेल तर तसं लिही. मी मनाला लावून घेणार नाही असं लिहीत होते, पण खोडलं. घेईन थोडं, पण तुझ्यावर रागावणार नाही. केहाउलाही विचार, तिच्या जागेत तिला मी चालणार आहे का. तिचं उत्तर ‘नाही’ असं आलं तरी मी समजून घेईन.

फोन करू नकोस. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू मला बरं वाटावं म्हणून हो म्हणशील. दोन दिवस घे, नीट विचार कर, आणि मग ये किंवा नको, जे खरं असेल ते एका ओळीत लिही. पत्ता घातलेलं पाकीट आणि टपालाचं तिकीट सोबत जोडलं आहे. उलट टपाली कळव.

तुझी,
आई'